धार आणि नक्षी : आपल्या हत्यारांच्या इतिहासातील एक धडा

खंडेनवमीच्या दिवशी आपल्या ज्ञातीच्या घराघरांतून ऐरण, घण, सांडशी, कानस आणि भाता यांची पूजा होते. ज्यांच्या घरी आता भट्टी पेटत नाही, जे शिक्षक, कारकून किंवा यंत्रशाळेतील तंत्रज्ञ झाले आहेत, त्यांच्या घरीही वाडवडिलांचा एखादा हातोडा माळ्यावरून खाली उतरतो, धुऊन पुसून पाटावर ठेवला जातो आणि त्यास झेंडूची माळ चढते. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाच्या घरी याच दिवशी एक प्रसंग घडला. तो सांगूनच या लेखास प्रारंभ करणे उचित होईल, कारण पुढील सर्व विवेचनाचे मूळ त्यात आहे.

लेखकाच्या वडिलांचा एका संस्थेने सत्कार केला होता आणि सत्कारात त्यांना एक तलवार अर्पण करण्यात आली होती. म्यान लाल मखमलीचे, मूठ सोनेरी मुलाम्याची, पात्यावर वेलबुट्टी आणि मध्यभागी सुबक अक्षरांत सत्कारमूर्तीचे नाव. नवमीला ती तलवार पूजेत मांडली गेली. पूजा आटोपल्यावर घरातील एका उत्साही मुलाने त्याच तलवारीने कोहळा फोडावयाचे ठरविले. पहिल्याच घावाला कोहळ्याची साल खरचटली आणि पाते मधोमध वाकले. आजोबा त्या वेळी हयात होते. ते काही बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी स्वयंपाकघरातील विळी आणली, कोहळा तिच्यावर ठेवला आणि दोन भाग करून ते देवापुढे मांडले. मग वाकलेले पाते हातात घेऊन त्यावर नखाने टिचकी मारली. आवाज बद्द आला. “याला पाणीच दिलेले नाही,” एवढेच ते म्हणाले.

आजोबांच्या त्या एका वाक्यात आपल्या धंद्याचे शास्त्र सामावले होते, असे आता वाटते. हत्यार दिसावे कसे आणि चालावे कसे, या दोन गोष्टींचा परस्परसंबंध काय? नक्षी ही धारेची वैरीण आहे की तिची सखी? हा प्रश्न केवळ कलासमीक्षकांचा नाही. लोहाराच्या पोटापाण्याचा आणि त्याच्या नावलौकिकाचाही तो प्रश्न आहे. आपल्या स्मरणिकांतून तलवारींच्या पराक्रमाविषयी आपण पुष्कळ लिहितो; परंतु तलवार घडविणाऱ्याने ती तशीच का घडविली, याचा विचार क्वचितच करतो. तो येथे यथामति करावयाचा आहे.

या विषयावरील आपल्या देशातील एक अतिशय प्राचीन आणि अतिशय नेटका विचार युद्धशास्त्राच्या ग्रंथात नव्हे, तर वैद्यकाच्या ग्रंथात आढळतो, ही मोठी लक्षणीय गोष्ट होय. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रक्रियेची २० प्रकारची तीक्ष्ण शस्त्रे वर्णिली आहेत आणि ती कुशल अशा ‘कर्मारा’कडून, म्हणजे लोहाराकडून, शुद्ध लोखंडाची करवून घ्यावीत असे वैद्यास बजावले आहे. चांगल्या शस्त्राचे गुण सांगताना सुश्रुत प्रथम सांगतो ते हातात नीट धरता येणे. त्यानंतर चांगले लोखंड, मग चांगली धार, आणि त्यानंतर चांगले रूप. अग्र नीट जुळलेले असणे आणि धारेवर दाते नसणे हे उरलेले दोन गुण. वाचकांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. रूपाला सुश्रुताने गुणांच्या यादीतून वगळले नाही. परंतु त्याला मूठ, लोखंड आणि धार यांच्या मागे बसविले आहे.

दोषांची यादी तर याहूनही बोलकी आहे. वाकडे, बोथट, तुटके, खरबरीत धारेचे, फार जाड, फार बारीक, फार लांब आणि फार आखूड असे आठ दोष तो सांगतो आणि लागलीच एक अपवादही नोंदवितो. हाड कापावयाच्या करवतीची धार मात्र खरबरीतच असावी. म्हणजे एका कामाचा जो दोष तोच दुसऱ्या कामाचा गुण! शस्त्र कोणत्या कामाचे आहे हे ठरल्याखेरीज ते चांगले की वाईट हे ठरविता येत नाही. धारेची जाडीही कामागणिक वेगळी असावी असे तो सांगतो. कोठे मसुरीच्या दाण्याएवढी, कोठे तिच्या निम्मी, तर कोठे केसाएवढी. शस्त्रास पाणी देण्याचे क्षार, उदक आणि तेल असे तीन प्रकार तेथे आहेत. धार लावण्यास उडदाच्या रंगाची गुळगुळीत शिळा आणि लावलेली धार राखण्यास सावरीच्या लाकडाची फळी सांगितली आहे. ज्यांनी आपल्या वडिलांना भट्टीपुढे पाहिले आहे त्यांना यात काहीच अपरिचित वाटणार नाही.

याच्या उलट दृष्टी पाहावयाची असेल तर वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील खड्गलक्षणाचा अध्याय पाहावा. ५० अंगुळांची तलवार उत्तम आणि २५ अंगुळांची कनिष्ठ, असे मोजमाप तेथे आहे. पण त्याबरोबर पात्यावरील डाग कितव्या अंगुळावर आला तर शुभ आणि कितव्यावर आला तर अशुभ, याचेही सविस्तर गणित मांडले आहे. एक ग्रंथ शस्त्र वापरणाऱ्याच्या हातासाठी लिहिला गेला, दुसरा राजाच्या मनासाठी. आपल्या पूर्वजांना या दोन्ही गिऱ्हाइकांचे समाधान करावे लागे, ही वस्तुस्थिती विसरून चालणार नाही.

आता दख्खनच्या शस्त्रांकडे वळू. सोलापूरचा भुईकोट बहमनी काळापासून उभा आहे. आदिलशाही, निजामशाही, मोगल आणि मराठे यांच्या फौजा या मुलखातून वारंवार गेल्या. फौजा जेथून जातात तेथील लोहारास विसावा नसतो. त्या काळच्या हत्यारांपैकी कट्यारीचे उदाहरण प्रथम घेऊ. कट्यारीची मूठ इतर सर्व खंजिरांहून निराळी, दोन उभ्या पट्ट्यांमध्ये आडव्या दांड्या बसविलेली असते. पाहणाऱ्यास ती केवळ शोभेची कल्पना वाटते. परंतु आडवी दांडी मुठीत धरली की पाते मनगटाच्या रेषेत पुढे येते आणि खांद्यापासूनचा सर्व जोर टोकावर पडतो. बाजूच्या पट्ट्या हाताच्या कांबीचे रक्षण करतात. पुष्कळ कट्यारींचे टोक पात्यापेक्षा मुद्दाम जाड ठेवलेले असते, ते साखळीच्या चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी. सोन्याचे काम असते ते बहुधा पट्ट्यांवर आणि दांड्यांवर. टोकास त्याची बाधा होत नाही.

तलवारीच्या पात्यावर लांबट पन्हळ असते, तिला लोक ‘रक्ताची खाच’ म्हणतात आणि तिच्याविषयी नाना भयंकर गोष्टी सांगतात. वास्तविक तिचा रक्ताशी संबंध नाही. पात्यातील लोखंड कमी करून वजन घटवावे, पण ताठपणा राहावा, यासाठी ती पन्हळ पाडलेली असते. घराच्या छपराचा पन्हळी पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ का राहतो, हे ज्यास समजले त्यास हेही समजेल. अशा रीतीने कामासाठी केलेली गोष्ट पुढे लोकांना अलंकार वाटू लागते, आणि नंतरचा कारागीर ती कामाशिवाय केवळ अलंकार म्हणून करू लागतो. सत्काराच्या तलवारीवरही ती पन्हळ असते. तेथे ती कशासाठी आहे हे तिला घडविणाऱ्यासही ठाऊक नसते.

मराठ्यांच्या फिरंग तलवारीचे उदाहरण आणखी उद्बोधक आहे. सरळ, लांब युरोपीय पाते आणि त्यास बसविलेली देशी मूठ असे तिचे स्वरूप. मुठीस हाताचे रक्षण करणारी आडोशाची वाटी आणि मागील बाजूस लांब खिळा. हा खिळा दुसऱ्या हाताने धरून दुहाती वार करता येई, आणि एरवी तो कांबीचे रक्षण करी. पाते परक्याचे आणि मूठ आपली, यात कमीपणा काहीच नव्हता. कारण परक्या पात्याला आपल्या हाताच्या सवयीचे करून घेणे हेही मोठे कसब होते. परंतु युरोपीय पात्यांचा बोलबाला झाल्यावर देशी पात्यांवरही त्या परक्या कारागिरांच्या खुणा उमटविल्या जाऊ लागल्या. पाते कदाचित उत्तम असेल, पण त्यावरील खूण खोटी होती. आपल्या उत्तम कामावर दुसऱ्याचे नाव घालण्याची पाळी कारागिरावर का आली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने स्वतःस अवश्य विचारावा.

ही गोष्ट अधिक दुःखद वाटण्याचे कारण असे की, पोलादाच्या बाबतीत जग आपल्याकडून शिकत होते. दक्षिणेतील मुशीतले पोलाद युरोपात ‘वूट्झ’ या नावाने प्रसिद्ध झाले. पोलादास कानडी आणि तेलुगू भाषांत ‘उक्कु’ म्हणतात, त्या शब्दाशी या नावाचा संबंध सामान्यतः जोडला जातो. सोलापूरकरांस हा शब्द समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्या शहरात एका वाड्यात तीन भाषा नांदतात. हे पोलाद तयार करणारे एक ख्यातनाम गाव कोनसमुद्रम सध्याच्या तेलंगणातील निजामाबादच्या बाजूस आहे आणि तेथे इराणातून व्यापारी खरेदीस येत असत. १७९५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जॉर्ज पिअर्सन याने या पोलादावर निबंध वाचला. त्यासाठीचे नमुने मुंबईहून गेले होते. पुढे चाकू आणि शस्त्रक्रियेची हत्यारे करणारा जेम्स स्टोडार्ट आणि सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे या दोघांनी त्यावर प्रयोग करून १८२० आणि १८२२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. फॅरडे हा एका लोहाराचा मुलगा होता, ही गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगण्याजोगी आहे.

या पोलादाच्या उत्तम पात्यांवर पाण्याच्या लहरींसारखी रेघोट्यांची नक्षी दिसे. तिला ‘जौहर’ म्हणत. ही नक्षी कोणी कोरलेली नसे. मुशीत लोखंड आणि कर्ब एकजीव होऊन सावकाश थंड होताना आणि नंतर मंद आचेवर ठोकताना पोलादात कठीण कणांचे थर बसतात; पाते घासून त्यावर आम्लाचा हात फिरविला की ते थर दिसू लागतात. १९९८ साली अमेरिकेतील धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हर्होव्हन आणि पात्यांचे लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी मिळून असे दाखवून दिले की, मूळ धातुकात व्हॅनेडियमसारख्या द्रव्यांचा अत्यल्प अंश असल्याशिवाय ही नक्षी उमटत नाही. दीर्घकाळ पडलेले कोडे सोडविण्यास एक प्राध्यापक आणि एक लोहार शेजारी शेजारी उभे राहावे लागले. जौहर पाहून गिऱ्हाईक तलवारीची किंमत ठरवी, कारण ते देखणे रूप पोलादाच्या पोटातील गुणाची साक्ष होते. धार आणि नक्षी यांचे याहून निर्मळ सख्य क्वचितच पाहावयास मिळेल.

तथापि, सर्वच नक्षी अशी आतून येत नाही. कोफ्तगिरीच्या कामात पोलादाचा पृष्ठभाग बारीक रेघांनी खरबरीत करून त्यावर सोन्याची तार ठोकून बसवितात. आपल्या शेजारच्या बीदरची कारागिरी तर सर्वांस माहीत आहे. जस्ताच्या मिश्रधातूवर चांदी बसवून पृष्ठभाग काळा केला जातो. ही नक्षी वरून चढविलेली खरी, परंतु जाणता कारागीर ती कोठे चढवावी आणि कोठे चढवू नये हे जाणतो. याचे सर्वांत सुंदर उदाहरण तलवारीत नसून पानसुपारीच्या तबकात आहे. ते म्हणजे अडकित्ता.

लातूरचे अडकित्ते प्रसिद्ध आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात तर अडकित्त्यांची जणू जत्राच भरली आहे. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दि. गं. केळकर यांनी गावोगाव हिंडून हा संसार गोळा केला आणि १९७५ साली तो शासनाच्या स्वाधीन केला. मोर, पोपट, घोडा, स्त्रीपुरुषांची जोडी, असे नाना आकार तेथे आहेत. पाहणारा आकारावर भुलतो. आपण लोहाराच्या डोळ्यांनी पाहू. अडकित्त्याची बिजागरी एका टोकास, जोर देण्याचे दांडे दुसऱ्या टोकास आणि सुपारी या दोहोंच्या मध्ये. सुपारी बिजागरीच्या जितकी जवळ तितका हातास जोर कमी लागतो, म्हणून पाते आखूड आणि दांडे लांब. अंग पितळेचे असले तरी पाते पोलादाचेच बसवितात, कारण पितळेस धार टिकत नाही. आणि मोराची मान, पोपटाची चोच, जे काही असेल ते अंगाच्या बाहेरच्या बाजूस किंवा दांड्यावर असते. धारेवर एक रेघही कोणी कोरत नाही.

मग हे मोर आणि पोपट निरर्थक म्हणावयाचे काय? मुळीच नाही. अडकित्ता चारचौघांत फिरतो. लग्नाच्या बैठकीत, पाहुण्यांच्या पंगतीनंतर, तो एका हातातून दुसऱ्या हातात जातो. सुपारी कातरणे एवढेच त्याचे काम नसून यजमानाचा आदरभाव प्रकट करणे हेही त्याचे काम होय. तेव्हा नक्षी हे त्याच्या कार्याचेच एक अंग झाले. जे हत्यार लोकांसमोर वापरावयाचे त्यास रूप हवे; जे एकट्याने शेतात वापरावयाचे त्यास त्याची गरज नाही. खुरप्यावर कोणी मोर काढीत नाही, यात खुरप्याचा अपमान नसून शहाणपण आहे.

विळीचा विचार केला तर हेच अधिक स्पष्ट होते. पाटावर उभे बसविलेले, किंचित बाकदार पाते आणि टोकास खोबरे किसण्याची दातेरी चकती. जमिनीवर बसून, पाट पायाने दाबून, बाई दोन्ही हातांनी भाजी धारेवर आणते. चाकूत हत्यार हलते आणि भाजी स्थिर असते; विळीत हत्यार स्थिर असते आणि भाजी हलते. दोन्ही हात मोकळे असल्याने भोपळ्यासारखी अवजड वस्तूही सहज चिरता येते. पात्याचा बाक शोभेसाठी नसून भाजी सरळ न दाबली जाता सरकत कापली जावी यासाठी आहे. पुढे घरांतून उभ्याने स्वयंपाक करण्याचे ओटे आले आणि विळीचा पाया सुटला. ओट्यावर तिला दाबावयास पाय नाही. विळी वाईट झाली म्हणून मागे पडली नाही. बसण्याची रीत बदलली म्हणून मागे पडली. हत्याराचा आकार हा वापरणाऱ्याच्या अंगाचा आणि त्याच्या घराचा आरसा असतो, एवढाच याचा अर्थ.

आता आपल्या ज्ञातीच्या अलीकडील इतिहासाकडे येतो. मे १८१८ मध्ये मन्रोच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला आणि या भागातील पेशवाईची सत्ता संपली. फौजा मोडल्या तसे शस्त्रांचे गिऱ्हाईकही मोडले. १८६० साली रेल्वे सोलापुरास पोहोचली आणि तिच्याबरोबर विलायती लोखंड आणि तयार माल येण्याची वाट मोकळी झाली. १८७७ साली येथे कापडाची पहिली गिरणी स्थापन झाली, आणि १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याविना शस्त्र बाळगणेच गुन्हा ठरला. अवघ्या साठ वर्षांत तलवारीचा धंदा संपला. परंतु लोहार संपला नाही, ही गोष्ट आपण पुरेशा अभिमानाने सांगत नाही. तो का संपला नाही? कारण तो कधीच केवळ तलवारीवर जगत नव्हता. बलुतेदारीत त्याचे स्थान थोरल्या ओळीत होते ते तलवारीमुळे नव्हे. नांगराचा फाळ, कुळवाची पास, खुरपे, विळा आणि कुऱ्हाड यांच्यामुळे सुगीच्या वेळी त्याच्या पदरात धान्य पडे. गिरण्या आल्या तेव्हा त्याच हाताने यंत्राची दुरुस्ती केली.

येथे किर्लोस्करांच्या उद्योगाचे स्मरण होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी प्रथम केलेल्या मालात कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर होते. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन नासेल, अशी शंका शेतकऱ्यांना येई, आणि ती फिटेपर्यंत नांगर पडून राहिले. शेवटी पटवून दिले ते नांगराच्या दिसण्याने नव्हे, तर त्याने काढलेल्या तासाने. कडबा म्हणजे आपल्या ज्वारीच्या जिल्ह्याची दौलत. ती बारीक कापणारे यंत्र म्हणजे अखेरीस चाकावर बसविलेले विळ्याचे पातेच होते.

आणि आज? आज आपल्या जिल्ह्याची ओळख सांगणारे पाते कोणते, असे कोणी विचारले तर उत्तर एकच देता येईल. ते म्हणजे उसाचा कोयता. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची दाटी आहे आणि हंगामात शेतातून माणसांची गणती ‘कोयत्यां’नी होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. जगात फार थोड्या हत्यारांनी माणसाचे नावच आपल्या नावात मिटवून टाकले असेल. या पात्यावर एक रेघेचीही नक्षी नसते. परंतु त्याचे रूप पाहावे. पाते रुंद, कारण उसाच्या कांडीला एका घावात पार व्हावयाचे असते. घाव जमिनीलगत पडावा लागतो, कारण बुडख्याकडील कांड्यांत साखर अधिक असते आणि वर राहिलेले खुंट पुढील खोडव्यासही बरे नव्हेत. त्याच पात्याने वाढे तोडावयाचे आणि त्याच पात्याने पाचट सोलावयाचे. मूठ अशी हवी की हजारो वेळा वाकून घाव घालताना तळहात सोलवटू नये.

आजोबा असे कोयते मोटारीच्या कमानीच्या पाट्यांपासून करीत. ते पोलाद टिकाऊ. लाल करून ठोकावयाचे, आकार आला की पुन्हा तापवून धारेकडची बाजू पाण्यात बुडवावयाची, आणि मग पाणी ‘उतरवावयाचे’. पाते घासून पुन्हा हलकेच तापविले की त्यावर रंग चढू लागतात. प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. पिवळ्यावर थांबविले तर धार कठीण पण ठिसूळ. निळ्यावर गेले तर चिवट पण मऊ. कोयत्यास कोठे थांबावयाचे हे आजोबांच्या डोळ्यांस ठाऊक होते, आणि ते रंग पाहण्यासाठी भट्टीची जागा ते मुद्दाम अंधारी ठेवीत. लहानपणी आम्हांस ते रंग म्हणजे मोठा चमत्कार वाटे. एकदा आम्ही विचारले, की हे रंग असेच ठेवून विकले तर कोयता किती सुंदर दिसेल! ते हसून म्हणाले, “ते रंग माझ्यासाठी आहेत, गिऱ्हाइकासाठी नाहीत.” आणि कानशीने त्यांनी ते घासून टाकले.

एकदा एक तोडणीकामगार कोयत्याची धार तुटल्याची तक्रार घेऊन आला. त्याच्या चार दिवसांच्या मजुरीचा खोळंबा झाला होता. आजोबांनी तुटीचा कण पाहिला, पाणी अधिक झाल्याचे कबूल केले, नवा कोयता दिला आणि त्यास दुपारचे जेवू घातले. सत्काराच्या तलवारीचे पाते वाकले तेव्हा मात्र कोणाचीच मजुरी बुडाली नाही. म्हणूनच ती तशी घडविणाऱ्यास कोणी जाब विचारला नाही. ज्या हत्याराच्या अपयशाने कोणाचेही काही बिघडत नाही, त्या हत्यारात कसब टिकत नाही.

अलीकडे वृत्तपत्रांतून ‘कोयता’ हा शब्द दहशतीच्या बातम्यांत येतो आणि आपल्या तरुणांना या हत्याराची लाज वाटू लागली आहे, असे दिसते. त्यांना एवढेच सांगावयाचे की, १९५९ च्या शस्त्रकायद्याखालील नियमांतही ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे मोजताना घरगुती, शेतकी, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची हत्यारे वेगळी ठेवली आहेत. कायद्यानेही केवळ माप पाहिले नाही, काम पाहिले. सुश्रुताने करवतीचा अपवाद केला त्याच जातीचा हा विचार आहे. हत्याराचा गुणदोष त्याच्या कामावरून ठरतो, आणि ते काम वाईट करणाऱ्या हाताचा दोष पात्याच्या माथी मारता येत नाही.

आपल्या भाषेत म्हण आहे, की सोन्याची सुरी झाली म्हणून कोणी ती उरात खुपसून घेत नाही. लोक ती मोहापासून सावध करण्यासाठी वापरतात. लोहाराने तिचा आणखी एक अर्थ घ्यावा. सोन्याच्या सुरीने काही कापलेही जात नाही. रूप नको असे येथे सुचवावयाचे नाही. जौहराचे रूप पोलादातून उमलले, अडकित्त्याचा मोर धारेपासून दूर बसला. दोन्ही शोभून दिसले. जेथे नक्षी धारेची जागा घेते तेथे मात्र हत्यार मरते आणि त्याचा पुतळा उरतो.

आता ज्ञातिबांधवांस एक विनंती. संग्रहालयांतील तलवारींखाली सरदाराचे किंवा राजाचे नाव असते, घडविणाऱ्याचे बहुधा नसते. ते नाव आता शोधून सापडेल असे नाही. परंतु ज्यांच्या घरी अजून एखादा वृद्ध कारागीर आहे, त्यांनी एक वही घ्यावी. कोणते हत्यार कोणत्या पोलादाचे केले, पाणी कशात दिले, कोणत्या रंगावर थांबविले, मूठ कोणत्या लाकडाची बसविली, गिऱ्हाइकाने कोणती तक्रार केली आणि त्यावर काय उपाय केला, हे त्यांच्या तोंडून ऐकून लिहून घ्यावे. उसतोडणीची यंत्रे शेतात उतरू लागली आहेत. कोयत्याचाही दिवस केव्हातरी मावळेल. मावळला तर मावळो, तलवारीचाही मावळला होता. परंतु तलवारीबरोबर तिच्या पाण्याची विद्या गेली, तशी कोयत्याबरोबर त्याची जाऊ नये.

ती वाकलेली तलवार आमच्या घरी अजून आहे. वडिलांच्या सत्काराची आठवण म्हणून ती भिंतीवर टांगली आहे आणि तेथे ती शोभतेही. नवमीला पाटावर मात्र आता आजोबांचा शेवटचा कोयता मांडतो.